फ्लॅटमधला आवाजाचा त्रास दरवर्षी परत येत असेल तर आधी हे करून पाहा

आमची स्कीम नागपुरात मनीष नगरकडची. चार मजले, सोळा फ्लॅट, खाली पार्किंग. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, सोबत सासूबाई, त्यांना बीपीचा त्रास आणि झोप एकदम कच्ची. नऊ वर्षांत शेजाऱ्यांच्या आवाजावरून आमच्याकडे तीन मोठी भांडणं झाली, त्यातलं एक तर पूर्णपणे आमच्या चुकीमुळे झालं, ते आधी सांगते कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात.

पहाटे पावणेपाचच्या आसपास आमच्या बेडरूमच्या भिंतीत धाडकन आवाज यायचा. मग दहा मिनिटं घर्र घर्र, मग परत धाड. रोज. आम्हाला वाटलं वरच्या काकू पहाटे उठून काहीतरी कुटतात नाहीतर पलंग सरकवतात. दोन महिने सहन केलं, आणि एक दिवस रात्री साडेअकराला, त्यांच्याकडे पाहुणे आले होते म्हणून थोडा गलका होता, तेव्हा आमचे यजमान रागाने वर गेले आणि पहाटेच्या आवाजाचं सगळं तिथेच काढलं, पाहुण्यांसमोर. काका इतकंच म्हणाले, "आम्ही तर सहाला उठतो भाऊ." आम्हाला ते खोटं वाटलं. त्यानंतर सहा महिने जिन्यात समोर आले तरी कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

दिवाळीत ते सगळे आठ दिवस गावी गेले, फ्लॅटला कुलूप. आणि पावणेपाचला तोच आवाज. त्या पहाटे मी उठून खाली गेले तर चौकीदार मोटर बंद करून राहिला होता. नळ पहाटे येतो, खालची टाकी भरली की तो पाणी वर चढवतो. मोटर बंद केली की वर जाणाऱ्या पाईपमधलं पाणी उलटं खाली येतं आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ नये म्हणून पाईपमध्ये बसवलेला व्हॉल्व्ह, धाडकन आपटतो. तो पाईप आमच्या बेडरूमला लागून असलेल्या डक्टमधून जातो आणि भिंतीला लोखंडी क्लॅम्पने घट्ट बांधलेला, म्हणून पूर्ण भिंत वाजायची. प्लंबरने जुना झडपेवाला एनआरव्ही काढून स्प्रिंगवाला बसवला, हा पाणी उलटं फिरायच्या आधीच मिटतो, क्लॅम्पच्या आत रबर घातलं, मोटरखाली जाड रबरी पॅड टाकला. अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाई स्वतः म्हणाल्या, आज वाजलं नाही बाप्पा.

काकू परत आल्या तेव्हा मी फराळाचा डबा घेऊन वर गेले आणि माफी मागितली. त्यांनी केली माफ, पण चारचौघांत बोललेलं पूर्ण पुसलं जात नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं सांगणं हे की कोणाच्याही दाराची बेल वाजवायच्या आधी आवाज नक्की कुठून आणि कसा येतो ते शोधा. घरच्या घरी होतं. आवाज चालू असताना खिडकी आणि गॅलरीचं दार बंद करा. आवाज बराच कमी झाला तर तो हवेतून येतो, म्हणजे टीव्ही, गाणी, बोलणं, कुत्रा. काहीच फरक पडला नाही तर तो स्लॅबमधून, कॉलममधून किंवा पाईपमधून येतो, मग भिंतीवर, कॉलमवर, फरशीवर तळहात ठेवून पाहा, जिथे थरथर जास्त तिथून तो येऊन राहिला आहे. आणि काँक्रीटमधून आलेला आवाज दिशेबद्दल फसवतो, वरून आल्यासारखा वाटला तरी तो तिरक्या फ्लॅटमधला किंवा अगदी खालच्या मजल्यावरचाही असू शकतो. बाजूच्यांना विचारा, तुम्हाला पण येतो का, कधी येतो. एखाद्या फ्लॅटमधले लोक गावी गेले असतील तेव्हा मुद्दाम लक्ष ठेवा.

दुसरं म्हणजे वहीत लिहा. मी मुलाची जुनी दुरेघी वही घेतली. त्यातल्या दोन नोंदी जशाच्या तशा देते, म्हणजे कसं लिहायचं ते कळेल: "मंगळवार, रात्री १०.४० ते १२.१५, गाण्यांचा बास, खिडकी बंद तरी हॉलमध्ये शोकेसची काच वाजते, आई उठल्या." "गुरुवार, रात्री ११.०५ ते ११.२०, खुर्च्या ओढल्याचा आवाज, मग शांत." चिडून लिहू नका, कोण कसं आहे ते लिहू नका, फक्त वेळ आणि काय ऐकू आलं. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं, आणि कधी कधी असंही दिसतं की आपल्याला रोज वाटणारा त्रास आठवड्यातून दोनदाच आहे. मोबाईलवरच्या डेसिबल मोजायच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून धरला जात नाही, पण खिडकी उघडी असताना किती आणि बंद असताना किती हा फरक समजायला ते कामी येतं.

आता आपल्या नागपूरचा खास विषय, कुलर. बाहेरगावच्या लोकांना हे कळतच नाही. कुलर चालायचा तर खिडक्या-दारं थोडी उघडी ठेवावीच लागतात, नाहीतर घरात नुसता दमटपणा होतो, म्हणजे उन्हाळ्याचे तीन महिने सोळाही फ्लॅटच्या खिडक्या उघड्या आणि प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाच्या घरात. आमच्याकडची निम्मी भांडणं एप्रिल ते जूनमध्येच होतात ती याच्यामुळे. आणि स्वतः कुलरचा आवाज वेगळाच. तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंचा कुलर लोखंडी स्टँडवर आणि स्टँड खिडकीच्या ग्रिलला तारेने आवळलेला. रात्रभर ग्रिल गुणगुणायची, ती थरथर भिंतीतून खाली आमच्या खिडकीच्या चौकटीत, वरून पाणी टपकायचं ते आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, कोणाला कुलर बंद करा म्हणणं बरोबरही नाही आणि तो करणारही नाही. म्हणून मी काय बंद करा ते न सांगता काय दुरुस्त करता येईल ते घेऊन गेले. रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर, एकटीच. म्हटलं, भाऊ, कुलर चालू द्या, फक्त एकदा माझ्यासोबत हात लावून पाहा. त्यांनी स्वतः ग्रिलवर हात ठेवला आणि त्यांनाच पटलं. मग कुलरवाल्या मिस्त्रीने तीन गोष्टी केल्या. स्टँड ग्रिलपासून सोडवून गॅलरीच्या फरशीवर आणला आणि चारही पायांखाली जुन्या टायरच्या रबराचे तुकडे दिले. पंख्याच्या पात्यांवर बोअरच्या पाण्याचा खार चढून एक बाजू जड झाली होती, तो खरवडून काढला, पंखा समतोल फिरायला लागला आणि गुणगुण निम्म्याने गेली. आणि पाण्याचा फ्लोट अडकत होता म्हणून टाकी भरून सांडायची, तो बदलला. फ्लोट आणि रबर मिळून खर्च किरकोळ, तो मी अर्धा देते म्हटलं तर भाऊंनी घेतला नाही.

हे दरवर्षी करावं लागतं हे मात्र लक्षात ठेवा. खार परत चढतो, वाळ्याच्या ताट्या नव्या बसवताना स्टँड परत भिंतीला टेकतो. आता आम्ही मार्चच्या शेवटी, कुलर काढायच्या वेळी, सगळ्या स्कीमसाठी एकच मिस्त्री एका रविवारी बोलावतो, आणि ही एक सवय लावल्यापासून मे महिन्यातली भांडणं खरंच कमी झाली.

वरच्या मजल्यावरच्या पावलांचा, खुर्च्यांचा, मिक्सरचा आवाज असाच सोडवता येतो. आपल्याकडचे स्लॅब साधारण पाच इंचांचे, वर थेट टाईल, मध्ये मऊ काहीच नाही, त्यामुळे वर वाटी पडली तरी खाली कळतं. तिथे वरच्यांचा दोष नसतोच. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच, मिक्सरखाली चार घड्या घातलेलं टॉवेल किंवा रबरी मॅट, लहान मुलं खेळतात तिथे जाड सतरंजी, वॉशिंग मशीनच्या पायांखाली पॅड. मी बूच स्वतः विकत घेऊन वरच्या काकूंना दिले होते, आणि मागणी करण्यापेक्षा वस्तू हातात देणं सोपं जातं असा माझा अनुभव.

बोलायला जाताना मी पाळते ते एवढंच: रात्री आवाज चालू असताना जायचं नाही, दिवसा जायचं. घोळका घेऊन जायचं नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाव घेऊन टाकायचं नाही, तिथे एकदा लिहिलं की समोरचा माणूस सोळा घरांसमोर मान खाली घालणार नाही, तो भांडणारच. आणि एकच गोष्ट मागायची, जी त्याला त्याच आठवड्यात करता येईल. "तुम्ही लय आवाज करता" यावर कोणी काही करू शकत नाही, "दहानंतर तो मोठा स्पीकर भिंतीपासून काढून ठेवाल का" यावर करू शकतो.

हे झालं समजूतदार लोकांचं. आता खरा परत परत येणारा त्रास, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

आमच्या मजल्यावरचा एक फ्लॅट भाड्याने असतो, मालक पुण्याला. दर जूनमध्ये नवे भाडेकरू, बहुतेक शिकणारी किंवा नुकती नोकरी लागलेली मुलं. मुलं वाईट नसतात. पण दर जुलैपासून तेच, रात्री एक-दोनपर्यंत गाणी, जिन्यात गप्पा, पार्किंगमध्ये गाडीचं सायलेन्सर. आम्ही दरवर्षी जाऊन बोलायचो, दिवाळीपर्यंत कसंबसं नीट व्हायचं, मे महिन्यात ती मुलं जायची आणि जूनमध्ये पहिल्यापासून सुरू. चार वर्षं असंच गेलं. चौथ्या वर्षी माझ्या मुलाची दहावी होती आणि तो पुस्तकं घेऊन मावशीकडे प्रताप नगरला झोपायला जायचा, स्वतःचं घर असून. तेव्हा मी ठरवलं की हे मुळापासून बघायचं.

मुळाशी दोन गोष्टी निघाल्या. पहिली, मालकाला काही माहीतच नव्हतं. आम्ही मुलांशी भांडत होतो आणि भाडं घेणारा माणूस पुण्याला शांत झोपत होता. त्याला मी वहीची पानं फोटो काढून पाठवली, फोनवर बोलले, आवाज न चढवता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये शेजाऱ्यांना उपद्रव देणं हे भाडेकरूकडून घर परत मागायचं एक कारण म्हणून सरळ दिलं आहे. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असला तर तो लेखी आणि नोंदणी केलेला हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. म्हणजे करारात रात्री दहानंतर मोठा आवाज नको, दोन लेखी सूचनांनंतर करार संपेल, असं कलम टाकणं पूर्ण मालकाच्या हातात असतं. आमच्या मालकाने पुढच्या करारापासून ते टाकलं. त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट, आपली बिल्डिंग कायद्याने काय आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. सगळे "सोसायटी" म्हणतात. पण नागपुरात कितीतरी स्कीम सहकारी सोसायटी नसतातच, त्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट १९७० खाली असतात, डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे बिल्डिंग या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र, केलेलं असतं आणि फ्लॅटमालकांची असोसिएशन असते. आमची तशीच निघाली. तुमच्या विक्रीपत्राची कागदं काढून पाहा. सहकारी सोसायटी असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा लागतो, उपविधी, म्हणजे बिल्डिंगचे लेखी नियम, मोडल्याबद्दल सर्वसाधारण सभेने ठरवलेला दंड लावता येतो, आणि सोसायटीच्या कारभाराशी संबंधित वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातात. अपार्टमेंट असेल तर डिक्लरेशनला जोडलेले उपविधी सगळ्यांवर बंधनकारक असतात, ते मोडले तर असोसिएशन किंवा त्रास होणारा फ्लॅटमालक स्वतः दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम किंवा भरपाई मागू शकतो. आमचे उपविधी बिल्डरने दिलेल्या फाईलमध्ये तसेच पडून होते, कोणी उघडून पाहिले नव्हते, आणि त्यात शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं वागू नये हे स्वच्छ लिहिलेलं होतं. ते पान आम्ही झेरॉक्स करून सगळ्यांना दिलं.

पोलिसांकडे कधी जायचं, यावर आमच्याकडे खूप वाद झाला. माझं मत, दोनदा बोलून आणि एकदा लेखी देऊन झाल्यावर. कायदा तुमच्या बाजूने आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० पासून आहेत, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं आहे की शांतपणे जगणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि स्वतःच्या घरात बसूनही दुसऱ्याच्या कानावर आवाज लादायचा हक्क कोणाला नाही. आवाज चालू असताना ११२ ला फोन करायचा, गाडी येते, बहुतेक वेळा पोलीस दारात उभे राहिले की आवाज त्या रात्रीपुरता बंद होतो. पण तो त्या रात्रीपुरताच. पुढच्यासाठी दुसऱ्या दिवशी दिवसा ठाण्यात लेखी अर्ज द्या, सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. ती पोच जपून ठेवा, पुढे कुठेही गेलात तरी पहिलं तेच मागतात. सार्वजनिक उपद्रवाला नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ मध्ये एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणजे शिक्षा लहान आहे, पण नोंद होते आणि त्या नोंदीचा मालकावर परिणाम होतो, हे मी स्वतः पाहिलं.

कोर्टात जायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन या. तिथे खटला दाखल न करता दोन्ही बाजूंना बोलावून समेट करून देतात, आणि महिलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटही नाही. आमच्या ओळखीतल्या एका घराचं गॅलरीत भिंत घालून घेतल्याचं भांडण तिथे दोन तारखांत मिटलं, जे चार वर्षं बिल्डिंगमध्ये मिटत नव्हतं.

एक गोष्ट या सगळ्यात बसत नाही आणि ती कोणी सांगत नाही. वरून येणारा आवाज मारहाणीचा, बाईच्या किंवा लेकराच्या ओरडण्याचा असेल तर वही नको, दोन आठवडे नको, रविवारची वाट नको. लगेच ११२. महिलांसाठी १८१ आहे, मुलांसाठी १०९८, दोन्ही रात्रीही चालतात. आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या एका ताईचा आवाज आम्ही "घरातलं भांडण" म्हणून वर्षभर ऐकला, मी त्यात होते. आणि रात्री दार वाजवत, हाका मारत फिरणारं म्हातारं माणूस असेल तर ते बहुतेकदा विसरण्याच्या आजाराचं असतं, त्या घरचे स्वतःच थकलेले असतात, त्यांना तक्रार नको, एखादा तास बसायला माणूस हवा असतो. ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७ आहे, ती त्यांना सांगा.

कुत्र्याचं आमचं अजून सुटलेलं नाही. खालच्या मजल्यावरचं पिल्लू मालक ऑफिसला गेले की दुपारी दीड ते चार भुंकत राहतं. पाळीव प्राणी ठेवायला बिल्डिंग बंदी घालू शकत नाही आणि घालूही नये, ते एकटं राहिल्यामुळे भुंकतं हे दिसतंच. सध्या आमचे सासरे दुपारी त्याला अर्धा तास फिरवून आणतात, पंधरा दिवसांपासून, वहीत लिहून राहिलोय, अडीच तासांचं पाऊण तासावर आलं आहे.

भाड्याच्या फ्लॅटचं आता असं करतो. मुलं सामान घेऊन येतात त्याच दिवशी असोसिएशनचे दोघं आणि मी जातो, पाण्याची बाटली आणि एक कागद घेऊन. कागदावर पाणी कधी येतं, कचरा गाडी कधी, कोणत्या जागेत गाडी लावायची, प्लंबरचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर, आणि शेवटी रात्री दहाची वेळ आणि शेजारच्या दोन घरांचे नंबर. पोलीस व्हेरिफिकेशन झालं का ते मालकाला विचारतो. मुलांचे नंबर आम्ही घेतो, आमचे त्यांना देतो, म्हणजे रात्री दारावर जाऊन थापा मारायची वेळ येत नाही, एक मेसेज टाकला की होतं. या जूनला आलेल्या मुलांनी तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, परवा नळ किती वाजता येतो ते विचारायला त्यातल्या एकाने दार उघडलं तेव्हा मला दिसला.